लार्ज सेंट आणि स्लॅबवरचा आकडा: ग्रेडिंग सेवांचं परीक्षण

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेले तांब्याचे लार्ज सेंट आणि हाफ सेंट घ्यायला निघालं की बरीचशी महागडी नाणी सीलबंद कडक प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे स्लॅबमध्येच समोर येतात. वर पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग सेवांचं लेबल, त्यावर साल, ग्रेड आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. जुन्या संग्रहांतून एएनएसीएस या आणखी एका सेवेचे स्लॅबही निघतात. चांदीच्या डॉलरसाठी या सेवा वापरणाऱ्यांना त्यात नवीन काही वाटणार नाही. तांब्याच्या बाबतीत मात्र सेवेचे तीन भाग सुटे करून तपासावे लागतात: नाणं खरं असल्याची हमी, व्हरायटीची, म्हणजे नाणं कोणत्या ठशांच्या जोडीने पाडलं त्याची, ओळख आणि ग्रेडचा आकडा. हमीसाठी दिलेले पैसे वसूल होतात. व्हरायटीचं काम बहुतेक वेळा चोख असतं. एकट्या आकड्यावर विसंबून मात्र एकही डॉलर मोजू नये.

याचं कारण धातूतच आहे. सोनं तसंच राहतं, चांदी काळवंडली तरी खालचा पृष्ठभाग बऱ्याचदा शाबूत असतो. तांबं हवेतल्या ओलाव्याशी, गंधकाशी, बोटांच्या घामाशी सतत काही ना काही करत असतं. शिवाय हे सेंट रोजच्या व्यवहारात दशकानुदशकं फिरले, काही जमिनीत पुरले गेले. सुरुवातीच्या वर्षांत टांकसाळीला चांगलं तांबं मिळणंही कठीण होतं. १७९५ आणि १७९७ चे काही हाफ सेंट तर टॅलबट, ऑलम अँड ली या व्यापारी पेढीचे टोकन कापून केलेल्या चकत्यांवर पाडलेले आहेत आणि भिंगाखाली त्या टोकनच्या नक्षीचे अवशेष अजून दिसतात. नवख्या माणसाला ते नुकसान वाटतं. जाणकार त्यासाठी उलट जास्त पैसे देतो. पुढे इंग्लंडमधल्या बोल्टन अँड वॅटकडून आलेल्या चकत्या बऱ्याच बऱ्या होत्या. १८०८ ते १८१४ च्या क्लासिक हेड नावाच्या मुखवट्याच्या सेंटचं तांबं मऊ होतं, त्यामुळे ही नाणी लवकर झिजली आणि काळी पडली. गुळगुळीत, तपकिरी, स्वच्छ पृष्ठभागाचा क्लासिक हेड मिळणं अवघड आहे ते यामुळेच. तेव्हा १८१२ चा जरासा काळपट सेंट आणि १८५१ चा तितकाच काळपट सेंट यांना एका मापाने तोलता येत नाही. सेवांचे ग्रेडर हे जाणून असतात आणि १७९३-९४ च्या किंचित सच्छिद्र नाण्यांनाही बऱ्याचदा सरळ आकडा देतात. ही सवलत मनाने दिलेली असते, लेबलवर तिचा उल्लेख नसतो. घोळ इथूनच सुरू होतो.

आकड्याचं मूळही माहीत असावं. १ ते ७० ही मोजपट्टी डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली लार्ज सेंटसाठीच आणली. कल्पना अशी होती की सर्वांत झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत हा पाया धरायचा आणि ७० ग्रेडचं नाणं त्याच्या सत्तरपट किमतीचं मानायचं. किमतीचं गणित लवकरच कोलमडलं, आकडे मात्र सगळ्या अमेरिकी नाण्यांना चिकटले. तांब्याच्या संग्राहकांनी १९६७ मध्ये अर्ली अमेरिकन कॉपर्स, म्हणजे ईएसी, हा क्लब काढला आणि त्यांच्यात रुजलेली पद्धत वेगळी आहे. आधी शार्पनेस ठरवायचा, म्हणजे फक्त झीज बघायची. मग पृष्ठभाग, कडेचे ठोके, ओरखडे, रंग यांची वजाबाकी करून नेट ग्रेड काढायची. सोबत एक शब्द येतो: चॉइस (उत्तम), अ‍ॅव्हरेज (मध्यम) किंवा स्कडझी (गचाळ). शेवटचा शब्द ऐकायला विनोदी असला तरी किंमत निम्म्यावर आणायला तो एकटा पुरतो.

एक नाणं जवळून बघू. १७९८ चा ड्रेप्ड बस्ट, म्हणजे खांद्यावर वस्त्र घेतलेल्या मुखवट्याचा सेंट आहे. कपाळावरचे आणि कानाजवळचे केस, खांद्यावरचा वस्त्राचा काठ, मागच्या बाजूला पानांच्या शिरा हे झिजेचे पहिले बिंदू. समजा केसांच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त बटा सुट्या दिसतात, वस्त्राच्या घड्या बहुतेक शाबूत आहेत, शार्पनेस व्हीएफ-३० (व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन). आता नाणं उलटा. मागच्या बाजूच्या पोकळ जागेत, पानांच्या आणि अक्षरांच्या मध्ये, बारीक खरखर आहे. दर्शनी बाजूला के-४ ला, म्हणजे घड्याळात चार वाजतात त्या दिशेला, कडेवर जुना ठोका आहे. गालावर एक बारीक रेघ, पण इतकी जुनी की तिच्यातला रंग आजूबाजूशी एकजीव झालाय. ईएसीच्या हिशोबाने हे नाणं १५ च्या आसपास, अ‍ॅव्हरेज. सेवेकडून त्याला व्हीएफ-२५ चं सरळ लेबल मिळू शकतं किंवा "व्हीएफ डिटेल्स", म्हणजे दोषामुळे सरळ आकडा नाकारलेलं लेबल, मिळू शकतं. दोन्ही लेबलं आपापल्या नियमाने बरोबर असतील. पण व्हीएफ-२५ चे पैसे मोजून १५ चं नाणं घरी आणणारा खरेदीदार फसतो. वरच्या ग्रेडमध्ये दरी आणखी रुंदावते. एयू-५८ चं (एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं) लेबल असलेलं नाणं लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ईएसीच्या मोजणीने ४५ म्हणून नोंदलेलं असणं नित्याचं आहे. चांगले लिलावदार दोन्ही आकडे छापतात. फक्त एकच छापणाऱ्याकडून घेताना फोटो स्वतः वाचावा लागतो.

ठसाच कच्चा बसलाय की नाणं झिजलंय, हा फरक सेवा बऱ्यापैकी पकडतात, पण खरेदीदारालाही तो ओळखता यायला हवा. नुसता कच्चा ठसा असेल तर त्या भागाचा रंग आणि पोत शेजारच्या जागेसारखाच राहतो, चकतीची मूळ खरखर कधीकधी तशीच टिकून असते. झिजलेला भाग सपाट, गुळगुळीत आणि जरा वेगळ्या छटेचा होतो. दर्शनी बाजूच्या उंच मुखवट्यात धातू खेचला गेला की मागच्या बाजूला नेमका त्याच्या समोरचा भाग कच्चा राहतो. नाणं तसं उलटून पाहिलं की उलगडा होतो. १७९३ च्या चेन सेंटला (मागे साखळीची नक्षी असलेल्या) उंच कड जवळजवळ नव्हतीच, म्हणून त्यावरचं साल आणि "लिबर्टी" ही अक्षरं बाकीच्या नक्षीच्या आधी झिजतात.

आता "डिटेल्स" लेबलाबद्दल. पीसीजीएसच्या कोडमध्ये ९१ म्हणजे संशयास्पद रंग, ९२ साफ केलेलं, ९३ चकतीतला दोष, ९४ बदललेला पृष्ठभाग, ९५ ओरखडा, ९७ पर्यावरणीय नुकसान, ९८ इजा, ९९ पीव्हीसीचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून उतरलेला, अंश. एनजीसी हेच शब्दांत लिहिते. माहिती उपयोगाची आहे, पण प्रमाण कळत नाही. ९७ मध्ये हलकी खरखरही येते आणि नाण्याच्या चेहऱ्यावर खड्डे पाडणारा गंजही येतो. पहिलं नाणं कोणत्याही तांबेवाल्याच्या ट्रेमध्ये मानाने बसेल, दुसरं केवळ दुर्मिळ व्हरायटी असेल तरच घ्यावं. एएनएसीएसच्या जुन्या लहान पांढऱ्या स्लॅबवर तपशिलाची ग्रेड, दोष आणि नेट ग्रेड असं तिन्ही लिहिलेलं असायचं. तांब्यासाठी त्याहून प्रामाणिक लेबल आजवर निघालेलं नाही आणि मोठ्या सेवांनी ती पद्धत उचलली नाही, ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या "जेन्युइन" लेबलांवर तर ग्रेडच नाही. त्यांची किंमत पूर्णपणे डोळ्यांनी ठरवायची.

याची दुसरी बाजू अशी की डिटेल्सच्या शिक्क्याला घाबरून बाजार या नाण्यांपासून लांब राहतो आणि नेट ग्रेडिंग येणाऱ्याला चांगलं नाणं कमी भावात मिळतं. कडेवर एकच ठोका, बाकी गुळगुळीत तपकिरी पृष्ठभाग, असा १७९४ चा सेंट "डिटेल्स"मध्ये दिसला तर तो सोडू नये.

रंगाच्या बाबतीत सेवा तीन अक्षरजोड्या वापरतात: बीएन (तपकिरी), आरबी (लाल-तपकिरी) आणि आरडी (लाल). मूळ लालसर चमक अंदाजे ९५ टक्क्यांहून जास्त शिल्लक असेल तर आरडी, पाच टक्क्यांहून कमी असेल तर बीएन, मधलं सगळं आरबी. १८१६ पूर्वीच्या बहुतेक नाण्यांना बीएनच मिळणार. लाल सेंट बघायचे तर रँडल नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या साठ्यातले १८१६ ते १८२० चे किंवा १८५० च्या दशकातले. रंग पुढे बदलला तर काय, याबद्दल सेवांच्या हमीत तांब्यासाठी वेगळे अपवाद आहेत. ते वाचल्याशिवाय आरडीसाठी ज्यादा पैसे देऊ नयेत, कारण स्लॅब हवाबंद नसतो आणि आतलं तांबं तपकिरी होतच राहतं.

कृत्रिम रंग ओळखायला सेवा मदत करतात, पण सगळं पकडलं जात नाही. मूळ लाली उंच भागांवर आधी विरते आणि अक्षरांच्या आडोशाला शेवटपर्यंत टिकते. रसायनात बुडवलेल्या नाण्याची लाली गुलाबी-नारिंगी, सर्वत्र सारखी आणि मेलेली असते. नाणं दिव्याखाली फिरवलं तर चमकेचा पट्टा त्याच्यासोबत फिरत नाही. घासून काढलेल्या नाण्यावर गंधकाच्या मलमाने पुन्हा चढवलेला तपकिरी रंग अक्षरांच्या कोपऱ्यात कमी-जास्त बसतो, तिथे नारिंगी कड डोकावते. खोट्या सौंदर्यासाठी खड्डे घासून गुळगुळीत करणं, केसांच्या रेषा सुईने पुन्हा कोरणं हेही चालतं. हत्याराने खरवडलेल्या जागी रेषा एकाच दिशेने धावतात आणि नक्षीच्या कडेला पोचताच अचानक थांबतात. दहापट भिंग आणि एका बाजूने येणारा साध्या बल्बचा उजेड, इतकं पुरतं. ट्यूबलाइटखाली तांबं कधी बघू नये. तिच्या पसरट उजेडात बारीक रेघा लपतात.

सेवेचा खरा मोबदला मिळतो तो खरं-खोटं ठरवण्यात. १७९९ हे मालिकेतल्या मिळायला सर्वांत अवघड वर्षांपैकी एक आणि म्हणून १७९८ चा शेवटचा आठ कोरून नऊ केलेली नाणी ठिकठिकाणी आहेत. खऱ्या १७९९ च्या दोनच डाय (ठशांच्या) जोड्या, शेल्डन यांच्या यादीतल्या क्रमांकाने: शेल्डन १८८, ज्यात आठावर नऊ आहे, आणि शेल्डन १८९. दोन्हींपैकी एकीशीही जुळत नसेल तर नाणं बदललेलं आहे, चर्चा संपली. दोन नऊंची तुलना केली तरी बऱ्याचदा उकल होते. १८०४ ची डाय जोडी एकच, शेल्डन २६६. चारच्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी खूण, मागे मोठा अपूर्णांक (१/१००), आणि सालातलं शून्य मागच्या "ऑफ" शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या बरोबर समोर. नंतरच्या अवस्थांत दर्शनी बाजूला "लिबर्टी"च्या शेवटच्या अक्षरांवर आणि मागे "अमेरिका"वर कडेचा तुकडा फुटलेला दिसतो. १८६० च्या सुमाराचा तथाकथित रीस्ट्राइक, म्हणजे नंतर पाडलेलं नाणं, वेगळा: बदललेली १८०३ ची दर्शनी डाय आणि १८२० ची मागची, दोन्ही गंजलेल्या. तो संग्राह्य आहे, पण १८०४ नाही.

इलेक्ट्रोटाइप हा जुना धोका. विजेच्या साहाय्याने तांब्याचे दोन पातळ कवच तयार करून आत शिसं किंवा तसंच काही भरतात आणि जोडतात. नक्षी अस्सल नाण्याचीच असल्यामुळे डोळा फसतो. ओळख कडेवर: बारीक सांधा, आणि टिचकी मारल्यावर मंद आवाज. वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा हवा. १७९३ पासून १७९५ च्या अखेरपर्यंत जाड सेंटचं ठरीव वजन २०८ ग्रेन, म्हणजे १३.४८ ग्रॅम. १७९५ च्या शेवटी ते १६८ ग्रेन, १०.८९ ग्रॅम केलं गेलं. हाफ सेंटचं बरोबर निम्मं: ६.७४ आणि नंतर ५.४४ ग्रॅम. फार झिजलेलं नाणं काही दशांश ग्रॅम हलकं भरणारच आणि त्या काळच्या चकत्याही काटेकोर नव्हत्या. पण केस स्पष्ट असलेलं नाणं एक ग्रॅमने चुकत असेल तर थांबावं. हल्लीची बनावट नाणी अस्सल नाण्यावरून केलेल्या डायने पाडलेली असतात. त्यात मूळ नाण्यावरचा ओरखडासुद्धा प्रत्येक प्रतीवर उतरतो. वेगवेगळ्या दोन नाण्यांवर एकच ठोका एकाच जागी दिसला की दोन्ही बाजूला ठेवावीत.

स्लॅबही बनावट निघतात, आणि त्यावर छापलेला क्रमांक बऱ्याचदा एखाद्या खऱ्या नाण्याचाच असतो. म्हणून सेवेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून "सापडला" एवढ्यावर समाधान मानू नये. तिथे फोटो असेल तर ठोके, डाग आणि कडेची ठेवण एकेक करून हातातल्या नाण्याशी जुळवावी. खरा स्लॅब असेल आणि आतलं नाणं पुढे बनावट ठरलं तर दोन्ही मोठ्या सेवा भरपाईची हमी देतात. चेन सेंटसारख्या नाण्यात ही एक गोष्ट शुल्काच्या कितीतरी पट मोलाची आहे.

व्हरायटीसाठी १७९३ ते १८१४ ला शेल्डन क्रमांक, १८१६ ते १८५७ ला न्यूकम, हाफ सेंटला कोहेन. १८१५ साल घातलेला सेंटच नाही. दुर्मिळतेची मोजपट्टी आर-१ ते आर-८: आर-५ म्हणजे ३१ ते ७५ नाणी ज्ञात, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे फार तर तीन. वेगळं शुल्क भरलं तर सेवा क्रमांक लेबलवर छापतात. न भरल्यास लेबलवर फक्त साल आणि प्रकार येतो, आणि दुर्मिळ डाय साध्या भावात विकायला ठेवली जाते. ज्याला डाय ओळखता येतात त्याच्यासाठी ही सोन्याची खाण आहे. १७९४ चा शेल्डन ४८ घ्या: मागच्या बाजूला कडेच्या दातऱ्यांमध्ये ९४ चिमुकले पाच टोकी तारे. झिजलेल्या नाण्यावर त्यातले मोजकेच उरतात आणि घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. डायची अवस्था, म्हणजे भेग कुठपर्यंत गेलीय, हे मात्र लेबलवर सहसा येत नाही.

कडेचा प्रश्न वेगळाच. १७९५ च्या शेल्डन ७६ मध्ये "अ" प्रकाराच्या कडेवर अक्षरं आहेत आणि तो दुर्मिळ. "ब" प्रकार साध्या कडेचा आणि सहज मिळणारा. नाण्याला सगळीकडून घट्ट धरणाऱ्या जुन्या स्लॅबमध्ये कड दिसतच नाही, लेबलवर विश्वास ठेवावा लागतो. चार ठिकाणी छोट्या दांड्यांनी नाणं धरणारे स्लॅब या मालिकेसाठी सरस; ते मागून घ्यावेत.

नाणं पाठवायचं ठरलं तर आधी सर्व बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन आणि व्हरायटी यांची नोंद करून ठेवावी. चिकट मळ किंवा पीव्हीसीचा हिरवट थर असेल तर काचेच्या भांड्यात झायलीन या द्रावकात बुडवून ठेवावं, खोलीत खेळती हवा हवी आणि आसपास ज्योत नको. नाणं उचलून मऊ सुती कापडावर निथळू द्यावं, पुसू नये. नंतर उंटाच्या केसांचा म्हणून मिळणारा अगदी मऊ ब्रश हलक्या हाताने चालेल, पण लाल नाण्यावर तोही नको, आणि ब्रशमध्ये एक कण अडकला तरी केसासारख्या रेघा उठतात. साबण, पॉलिश, चांदी उजळायचं द्रावण (डिप) यांपैकी काहीही तांब्याला लावलं की कोड ९२ हातात पडलाच. पाकीट पीव्हीसी नसलेलं असावं. ग्रेडिंग, व्हरायटी, दोन्ही बाजूंचा विम्यासह टपालखर्च हे सगळं मिळून नाण्याच्या अपेक्षित किमतीच्या दहाव्या हिश्श्यावर जात असेल तर नाणं पाठवू नये. कापसाचं अस्तर असलेल्या पाकिटात, सिलिका जेलसोबत, कोरड्या जागी ते अधिक चांगलं राहतं. १८४८ किंवा १८५३ च्या साध्या फाइन सेंटला स्लॅब म्हणजे पैशांचा अपव्यय. १७९३ चं काहीही, १७९९, १८०४, १७९६ चा हाफ सेंट आणि आर-५ च्या पुढची व्हरायटी मात्र विक्रीआधी पाठवावीच.

सीएसी या आणखी एका सेवेचं हिरवं लेबल आधीच स्लॅबमध्ये असलेल्या नाण्यावर लागतं आणि नाणं त्याच्या ग्रेडला भक्कम बसतं असं सांगतं. तांब्यात त्याचा फायदा मुख्यतः रंग चढवलेली आणि पीव्हीसी लागलेली नाणी गाळण्यापुरता. ईएसीच्या नेट ग्रेडची जागा तेही घेत नाही.

अनेक तांबेवाले स्लॅब फोडून नाणं बाहेर काढतात, कारण कड, वजन आणि पोत हातात घेऊनच कळतो. फोडताना कटरचा दाब स्लॅबच्या कोपऱ्यांवर द्यावा, मधोमध कधीच नाही, आणि खाली जाड कापड अंथरावं म्हणजे नाणं उडून फरशीवर आपटणार नाही. लेबल फेकू नये. ते नाण्याच्या पाकिटात मागे सरकवून ठेवावं, कारण जुन्या संग्रहाचं नाव आणि लिलावाचा माग बऱ्याचदा त्या एका चिठ्ठीवरच असतो.